पास केलेला पंख

मी पंख बोलतोय. अ‍ॅल्युमिनियमचा, वीतभर लांबीचा. मानपाड्याच्या एका वर्कशॉपमध्ये काळुरामने मला मशीनवर कापलं आणि माल तपासणाऱ्या राजरत्नने पास केलं. मी नमुना होतो. पुढचा प्रत्येक नग माझ्याशी ताडूनच खोक्यात जायचा.

माझा एक कोपरा धारदार होता. हाताळताना कुणाचं बोट कापेल, म्हणून राजरत्नने तो गोल करून घेतला. ड्रॉइंगमध्ये ती गोलाई नव्हती. पार्ट कशाचा, असं विचारल्यावर मालक साईनाथशेठ म्हणाले, "फवारणीच्या यंत्राचा." सगळ्यांनी मान डोलावली. सोयीचं उत्तर मिळालं की माणसांना पुढचा प्रश्न सुचत नाही. दसऱ्याला मशीनसोबत मलाही हळदकुंकू लागलं. माझी भावंडं खोक्यांतून परदेशी गेली, मी कपाटात एकटा उरलो.

एका दुपारी डबा खाताना काळुरामच्या मोबाइलवर बातमी आली. दूरच्या युद्धात बाजारावर बॉम्ब पडला होता. पावाच्या रांगेत उभी असलेली माणसं मेली होती आणि निवेदक त्या रांगेला 'लक्ष्य' म्हणत होता. जीभ कशी वळते यांची? ढिगाऱ्यातून एका म्हाताऱ्याने बॉम्बचा वाकलेला पंख उचलून कॅमेऱ्यासमोर धरला.

राजरत्नने मला कपाटातून काढून मोबाइलशेजारी धरलं.

"असले पार्ट शंभर ठिकाणी बनतात रे," काळुराम म्हणाला.

"हा कोपरा बघ. आपल्याशिवाय कोण गोल करतो?"

काळुरामने अर्धा डबा तसाच बंद केला.

पुढचा माल सहीसाठी तयार होता. राजरत्नने सही केली नाही.

"तू पार्ट तपासायला आहेस की जग तपासायला?" शेठ म्हणाले. "तू नाय केलीस तर कळव्यातला कोणीतरी येऊन करेल."

"करू दे. आधीच्या खोक्यांवर माझी आहे, शेठ. तेवढी पुरे."

मला डब्याच्या पिशवीत टाकून तो निघाला. आठवड्यात तिथे दुसरा नमुना आला, दुसरी सही आली.

आता मी विठ्ठलवाडीला, त्याच्या घरी. बुद्धांच्या फोटोपाशी मला ठेवायला त्याचा हात धजला नाही. टीव्हीजवळच्या फळीवर ठेवलं. घरी त्याने एवढंच सांगितलेलं, शेठशी वाजलं. एकदा त्याची मुलगी दर्शना मला पुसत होती.

"पप्पा, हे शोपीस आहे, की देऊ भंगारात?"

"बॉम्बचा पंख आहे तो. मी पास केलेला. माणसं मेलीत."

तिचा हात थांबला. "कोण होती?"

"नावं कुणी सांगितलीच नाहीत."

मला भंगारात देऊ नका. भट्टीत वितळून माझं पुढे काय होईल, हे कुणीही विचारणार नाही. मला इथेच राहू द्या. घरी आलेल्या माणसाने बोट दाखवून विचारावं आणि राजरत्नने दरवेळी खरं सांगावं, एवढंच मागतो.

दर्शना अजून रोज फळी पुसते. मला न उचलता, माझ्या भोवतीने.