सुतक नसलेलं घर

"घरात सुतक आहे?" मी विचारलं.

"नाही," त्रुकदादा म्हणाला, आणि माझ्या हातातल्या कुंचल्याकडे बघत उभा राहिला.

देवमाशाच्या देवळाच्या ओसरीवर बसून हा प्रश्न मी एकोणीस वर्षं विचारत आलो आहे. दुसऱ्या चांद्रमासातल्या उत्सवात जे वल्ही धरणार त्यांची नावं मी लाल कागदावर लिहितो, आणि लिहिण्याआधी प्रत्येकाला हे विचारावं लागतं. सुतकातल्या माणसाला वल्हं वर्ज्य. उत्तरं बहुतेक थट्टेतच येतात. "सासू अजून ठणठणीत आहे, मी तरी काय करू?" असं लिएम दरवर्षी म्हणतो, आणि त्यावर हसणारा दरवर्षी तो एकटाच असतो. कोण कसं 'नाही' म्हणतो याची नोंद मी मनातल्या मनात ठेवतो. खरं बोलणाऱ्याला निघायची घाई असते. खोटं बोलणारा आपलं नाव लिहून होईपर्यंत हलत नाही.

त्रुकदादा हलला नाही.

त्याचा मुलगा तोआन दहाव्या महिन्यात आणखी चौघांबरोबर मासेमारीला गेला होता. वादळानंतर दोन प्रेतं बेटाच्या मागच्या बाजूला लागली. तिघांचं काहीच मिळालं नाही. समुद्रानं माणूस परत दिला नाही, तर आमच्याकडे मातीचा माणूस करतात, हाडांच्या जागी तुतीच्या काड्या घालतात, आणि त्याला रीतसर पुरतात. तिघांपैकी दोन घरांनी ते केलं. तिसरं घर त्रुकदादाचं. तिथे कपाळाला सुतकाची पांढरी पट्टी कुणी बांधली नाही. मूर्ती करायची तर घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातचा पहिला मूठभर चिखल लागतो, आणि कर्ता पुरुष म्हणत होता की पोरगं दक्षिणेला कुठल्या तरी बंदरात अडकलं असेल.

तो आमचा सुकाणूवाला. सव्वीस वर्षं उत्सवात मागचं लांब वल्हं त्याच्या हातात. या वर्षी ते दुसऱ्याकडे गेलं असतं, तर गावानं तोआनला मेलेला धरलं असतं. एवढा हिशेब मलाही कळत होता. म्हणून मी लिहायला लागलो.

तेवढ्यात तोआनची आई, न्हानवहिनी, त्रुकदादाचा जेवणाचा डबा घेऊन पायरीवर आल्या. त्यांनी ते 'नाही' ऐकलं होतं. त्यांनी डबा खाली ठेवला, झाकण नीट बसलंय का ते दाबून बघितलं, आणि मग बोलल्या.

"बारा वर्षांमागे मेलेला देवमासा वाळूवर लागला. सगळ्यांआधी तुम्ही पाहिला, म्हणून रीतीप्रमाणे त्याचा थोरला मुलगा झालात. पट्टी बांधलीत, रोज त्याला भात ठेवलात. माशाला बाप म्हणालात तुम्ही. आणि पोटच्या पोराला चार महिने झाले, भात कुठे ठेवायचा ते मला माहीत नाही."



"तो मासा मेलेला मी डोळ्यांनी बघितला होता," त्रुकदादा म्हणाला.

वहिनी निघून गेल्या. मी नाव पुरं केलं. अक्षर चांगलं आलं, याची मला अजूनही लाज वाटते.

उत्सवाच्या सकाळी सगळं शिस्तीत चाललं होतं. आमची बोट म्हणजे वाळूवर दोन रांगांत उभी राहिलेली माणसं. पुढे नाळेवर लिएम, मागे सुकाणूला त्रुकदादा. लाल कमरपट्टे, रंगवलेली वल्ही, आणि गाण्याच्या ठेक्यावर कोरड्या वाळूत वल्हवणं. जवळच्या जुन्या शहरातून सायकली भाड्यानं घेऊन आलेले पाहुणे फोटो काढत होते. गाण्यातला वादळाचा भाग झाला. त्रुकदादाचा आवाज नेहमीसारखाच लागला, थोडा चढाच. बायकांच्या बाजूला न्हानवहिनी उदबत्ती धरून उभ्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

मग किनाऱ्याला लागायचा भाग आला. त्यात नाळेवरचा विचारतो, "किती गेले, किती आले?" सुकाणूवाला उत्तर देतो, "जितके गेले तितके आले." मग वल्ही खाली. त्या उत्तराशिवाय ती खाली ठेवायची नाहीत.

लिएमनं विचारलं. त्रुकदादा नुसता वल्हवत राहिला.

लिएमनं पुन्हा विचारलं, या वेळी चाल जरा लांबवून, म्हणजे म्हातारा विसरला असेल तर ओळ सापडायला वेळ मिळावा. वल्ही चालूच होती. माणसांच्या पायांखाली वाळूत चर पडायला लागले. एका पोक्त माणसाला धाप लागली, पण वल्हं कुणी सोडेना.

तिसऱ्यांदा लिएमनं गायलंच नाही. साध्या आवाजात विचारलं, "दादा, किती आले?"

"एक आला नाही," त्रुकदादा म्हणाला.

या उत्तराला पुढची ओळ नाही. वल्हेकरी आणखी तीन-चार वेळा तसेच वल्हवत राहिले, कारण काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी लिएमनं आपलं वल्हं वाळूवर आडवं ठेवलं. मग एकेक करून सगळ्यांनी. पाहुण्यांना वाटलं खेळ संपला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्रुकदादा कमरपट्टा सोडत माझ्याकडे आला. म्हणाला, मी तुला खोटं सांगितलं, देवळाला दोष लागला असेल तर तो माझ्यावर घाल. मी म्हटलं, लिहिताना मला माहीत होतं, तेव्हा निम्मा माझ्याकडे ठेव. देवळाचे पंच नंतर रागावले, रागावणं त्यांचं कामच होतं. पण घरी त्याला कुणी बोल लावायला गेलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी नदीकाठी चिखल कालवला गेला. मी तुतीच्या काड्या घेऊन गेलो होतो. मूर्ती करणारा माणूस मापं विचारत होता. त्रुकदादानं कपाळाला पांढरी पट्टी बांधली होती. तो आपलाच हात लांब करून दाखवत होता: "खांद्यापासून मनगटापर्यंत माझ्याएवढाच." न्हानवहिनी शेजारी बसून चिखलातले खडे वेचत होत्या.  त्यांनी हात पुढे केला की तो पाण्याचं भांडं सरकवत होता.

बोटांसाठी मूर्तिकारानं दहा काड्या सारख्या कापून ओळीनं मांडल्या. त्रुकदादानं एकेक उचलून बघितली. डाव्या करंगळीची काडी त्यानं बाजूला काढली. जाळं ओढायच्या यंत्रात तोआनचं ते बोट सोळाव्या वर्षी पेरापासून तुटलं होतं.

त्यानं काडी अंगठ्याच्या नखावर धरून मोजली, मोडली, टोक गुळगुळीत होईपर्यंत दगडावर घासलं, आणि मगच ती मूर्तिकाराच्या हातात दिली.