बिनपडद्याची मोटार

आमची मोटार घाट चढताना तापायची, मी सपाटीवरच तापतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हंजे पुढं साहेबासंग कसा बोललो त्याचं नवल वाटायचं न्हाई.

सत्तावन सालची गोष्ट. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन वरीस झाल्तं अन् मोटारीचे कायदेबी नवे आल्ते. मी आधी जालन्यात एका जिनिंगवाल्याची मोटार चालवायचो. त्यानं नवी घेतली, मंग जुनी मी घेतली. ठरवलं, आता कोणाची चाकरी न्हाई. जालन्याच्या लोकाला अजिंठा-वेरूळची लेणी दाखवून आणायची, हाच धंदा. माझी बायको चतुराबाई म्हणली, "मोटार आपली, रस्ता सरकारचा. मंग अडलं कुठं?"

अडलं कागदावर! भाड्यानं माणसं न्यायची तर परवाना पाहिजे. माझं लायसन निजामाच्या काळचं, उर्दूतलं, ते नवं करून घेतलं. डागदरनं डोळे तपासले. पोलिसाचा दाखला आणला, त्याच्यासाठी चार खेटे घातले. उरल्या दोन गोष्टी. एक, मोटारी तपासणाऱ्या सरकारी साहेबानं मोटार पास करायची. दुसरी, गावातल्या एखाद्या इज्जतदार माणसाची चिठ्ठी, की मच्छिंद्र नावाचा हा इसम भरवशाचा हाये.

चिठ्ठीसाठी दोघातिघांनी आधीच हात वर केल्ते. गिरधारीलाल शेठ तेवढे हो म्हणले. सरकीचे मोठे व्यापारी, शब्दाला पक्के. वर म्हणले, "पहिली फेरी आमची. मांजीला, म्हणजे आमच्या आईला, लेणी दाखवायची. पण पडदे पाहिजेत. आमच्या घरच्या बायका उघड्या गाडीत बसत नाहीत."

बिलकुल बराबर! चतुराबाईनं हिरवे पडदे शिवले, खाली झालर लावली. दोन्ही बाजूला अन् मागच्या काचेला. मोटार नवरीसारखी दिसू लागली. मला वाटलं, साहेब बघून खूशच होणार.

साहेब औरंगाबादहून आल्ते, डाकबंगल्यावर उतरल्ते. ते माझ्या जागेवर बसले, आरशात बघितलं.

"मागचं काय दिसतंय?"

"पडदा, साहेब. घरी शिवलेला."

"मागून ट्रक आला तर?"

"हारन वाजवंल की तो! त्याला का हात न्हाईत?"

साहेब तापले न्हाईत. हे शांत लोक लई ताप देतात. म्हणले, "पडदे काढा. उद्या चार वाजता मी परत चाललो. त्याच्या आत बिनपडद्याची गाडी आणि चिठ्ठी घेऊन या. नाहीतर पुढच्या खेपेला बघू."

"पुढची खेप कधी?"

"सांगता येत नाही."

झालं! पडदे काढावे तर चिठ्ठी जाते, ठेवावे तर परवाना जातो. तसाच शेठच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. शेठ मान हलवत राह्यले.

"मच्छिंद्र, तुझं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. पण लोक काय म्हणतील?"

माझ्या तोंडावर आल्तं की लोकाचं काय घेऊन बसले. तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला, "ए मोटारवाल्या, पडदे काढले तर बाहेरचं दिसतं का रे?"

मांजी! शेठच्या आई, भगवतीदेवी. सत्तरीच्या, डोक्यावरून ओढणी, हातात तांदळाचं ताट.

"दिसतं की, मांजी. समदं दिसतं."

"मग काढ."

"माँ!" शेठ उठलेच. "लोक बघतील."

"या तोंडाकडं? तुझा बाप असता तर त्यानंबी आता बघितलं नसतं." मांजी ताट ठेवून बाहेर आल्या. "अन् लोक बैलगाडीत, आपण मोटारीत. ते नावं ठेवीपर्यंत आपण पुढं गेलेलो असू."

मला हसू आवरंना. शेठ काही हसले न्हाईत. शेवटी म्हणले, "उद्या सकाळी केदारखेड्याच्या नदीपर्यंत नेऊन आण. मी संग येतो. मांजीला कुठं अवघडल्यासारखं झालं, तर चिठ्ठी विसर." ही फेरी बिनभाड्याची, म्हंजे कायद्यात बसत होती. मी चतुराबाईला सांगून रातोरात नव्हं, त्याच घडीला पडदे उतरवले.

सकाळी निघालो. शेठ माझ्या शेजारी, ताठ. मांजी मागं एकल्या, दोन्ही काचा खाली. गाव सुटलं न्हाई तर, "थांब. हे पिवळं कशाचं?" करडई. पुढं, "थांब. त्या बाईच्या डोक्यावर काय?" सरपण. मी घड्याळ बघून राह्यलो, अन् मांजी थांब-थांब करून राह्यल्या. चार वाजता साहेब निघून गेला तर मी काय, मोटारीत कोंबड्या पाळू?

मंग मांजींनी डोळे मिटले अन् बोलू लागल्या. "आता वाट उतरंल. आता चाकाचा आवाज बदलंल. हं, पूर्णा आली."

बराबर पूर्णाच होती. मांजीची लेक भोकरदनला दिल्ती. चाळीस वर्सं ह्या वाटंनं गेल्त्या, पण पडदे लावलेल्या दमणीत, बैलाच्या गाडीत. समदी वाट त्यांना कानानं पाठ होती.

डोळे उघडले, नदीकडं बघितलं अन् म्हणल्या, "एवढीच?"

"माँ, काय झालं?" शेठ घाबरले.

"अरे, मी हिला गंगेएवढी समजत होते!" असं म्हणून मांजी हसू लागल्या. ओढणी खांद्यावर आली, तरी हसत राह्यल्या. स्वतःच दार उघडलं, खाली उतरल्या अन् घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राह्यल्या. धुणं धुणाऱ्या बायकांनी त्यांना जागा करून दिली अन् गप्पा सुरू झाल्या.

शेठ मोटारीला टेकून बघत राह्यले. मी म्हणलं, गेली चिठ्ठी. आईला हाक मारतील, मला शिव्या घालतील, घरी चला म्हणतील. पण शेठ हळूच म्हणले, "मच्छिंद्र, मी माझ्या आईला असं उन्हात कधी बघितलंच नव्हतं." डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. मंग त्यांनी खिशातून कागद काढला, मोटारीच्या टपावर ठेवला अन् उभ्या उभ्या लिहू लागले.

काय लिहिलं ते मी विचारलं न्हाई. तेवढी हिंमतच नव्हती. दोघांना घरी सोडलं अन् जल्दी डाकबंगला गाठला. साहेबाची पेटी बांधून झाल्ती. त्यांनी आरशात बघितलं, मागचा रस्ता बघितला, मंग चिठ्ठी मोठ्यानं वाचली:

"या इसमाच्या मोटारीत मी माझ्या आईला बिनपडद्याचं बसवलं. याहून जास्त भरवसा मला लिहिता येत नाही. गिरधारीलाल."

साहेबांनी बांधलेली पेटी पुन्हा सोडली अन् शिक्का काढला. मला तिथंच रडू आलं. साहेबाला वाटलं, परवान्याच्या आनंदानं.