बशीखालचं गाव

“कुणाला पटायचं न्हाई, म्हणून आधीच सांगून ठेवतो, पटवून घ्यायला जाऊच नका,” असं म्हणत रामकिशननं हातातली काठी विहिरीच्या कठड्यावर आपटली. “पण अकरा महिने आपलं गाव ह्या दुनियेत नव्हतं.”

कठड्याला टेकून बसलेली माणसं हसली. ही गोष्ट त्यांनी पुष्कळदा ऐकली होती. फक्त दर उन्हाळ्यात तिच्यातले महिने वाढत.

आज मात्र ती सांगायला नरसिंगनंच म्हाताऱ्याला घरून हाताला धरून आणलं होतं. नरसिंग गावातल्या शाळेवर मास्तर. पंधरा दिवस गावात टँकर आला नव्हता. तो आधी पाटील गल्लीत लावायचा की भीमनगरात, यावर दोन पुढारी तालुक्याला भांडत बसले होते, आणि टँकर तिथंच झाडाखाली उभा होता. कुणाची वाट न पाहता दोन्ही गल्ल्यांनी मिळून उद्यापासून या विहिरीतला गाळ काढावा, एवढंच नरसिंगचं म्हणणं. पाटील गल्ली कशीबशी हो म्हणाली होती. भीमनगरातली माणसंही आली होती, पण विहिरीच्या पलीकडच्या अंगाला, आणि उभीच होती. त्यांच्या हातांशिवाय दोन पुरुष खोल साचलेला गाळ निघणार नव्हता.

मोतीबिंदूमुळे रामकिशनला पलीकडे नुसती पांढुरकी हालचाल दिसत होती. त्यानं तिकडेच तोंड केलं.

“नवा जिल्हा झाला ते साल. उस्मानाबादनं आपल्याला सोडलं अन् लातूरनं धरलंच न्हाई. का? साहेब नकाशावर रेघ ओढून राहिला होता. तेवढ्यात चहा आला. बशी ठेवली ती नेमकी आपल्या गावावर. रेघ बशीला वळसा घालून गेली.”

“अन् बशी उचललीच न्हाई व्हय भाऊजी कुणी?” साखराबाई म्हणाली. तिचं घर त्याच्या घराला लागून होतं, त्यामुळे त्याची थाप अडवायचा पहिला मान तिचाच.

“उचलली की. खाली चहाचं गोल राहिलं. साहेबाला वाटलं, तळं हाय.”

“तळं! अन् आम्ही मेलो घोटाघोटाला!”

हसू विहिरीला वळसा घालून पलीकडेही गेलं. नरसिंगनं ते टिपलं.

“तलाठी येईना, ग्रामसेवक येईना. पुढारी वेशीपर्यंत यायचे अन् माघारी वळायचे. ज्या गावाला मतच न्हाई, तिथं हात जोडून काय करता? आठ दिवस लई भ्यालो आम्ही. वाटलं, आता एकमेकांची डोकी फोडतो. अन् दुष्काळ तर असा की कावळे ह्या विहिरीत डोकावून नमस्कार करून जायचे. कासराभर खाली ओंजळभर पाणी. आधी कुणी भरायचं? सांगणारं कुणी न्हाई.”

“मग?”

“मग धुरपताबाईला बसवली. आंधळी होती. तिच्यापुढं घागर ठेवली, तिच्यात घराघराची खूण टाकली. कुणाची कवडी, कुणाची सुपारी, माझा चिंचोका. दर बाजारच्या दिवशी ती हात घालून एकेक काढायची, तशी पाळी. तिला ना तोंड दिसायचं ना गल्ली. कुणी चकार शब्द काढला न्हाई. इर्जिकीला तर आवतणच लागत नव्हतं. ज्याचं काम अडलं त्याच्या रानात सगळं गाव, भाकरी त्याची, हात सगळ्यांचे. अहो, बैलसुद्धा आपापलं दावं सोडून यायचे.”

“दात घासून यायचे का?” कुणीतरी विचारलं.

पण म्हातारा या वेळी हसला नाही. त्यानं काठी मांडीवर आडवी घेतली आणि तिच्यावरून सावकाश हात फिरवत राहिला.

“सकाळी उठून अंगणात यायचो,” तो म्हणाला. “कुणाला भ्यावं वाटायचं न्हाई. कुणाला भेवडवावं, असंबी वाटायचं न्हाई. तसली हलकी छाती पुन्हा न्हाई मिळाली मला. मरायच्या आधी एकदा तरी...”

साखराबाईनं पदर नीट केला. पलीकडे उभ्या असलेल्यांपैकी दोघेजण खाली बसले होते.

“मग मोडलं कसं, आबा?” शेषेरावनं विचारलं. सकाळपासून भीमनगरातून आलेला हा पहिला शब्द होता.

रामकिशनचा चेहरा उजळला. “आम्ही न्हाई मोडलं बाबा. एक सरकारी जीप वाट चुकली. इर्जिकीचं मटण शिजत होतं. डायव्हरला वास लागला, अन् त्या वासावर त्यानं गाडी थेट इथं आणली. साहेब उतरला अन् बोंबलला, ‘अरे, हितं तर तळं होतं!’ दुसऱ्या दिवशी तलाठी हजर. मग आमचं काय चालतंय?”

“जीप वासावर आली न्हाई.”

पलीकडून आलेला आवाज बाईचा होता, म्हातारा, पण स्पष्ट. काठीवरचा हात थांबला.

“कोण बोललं?”

“सरजा. सटवाजीची.”

नवरा सटवाजी गेल्यापासून भीमनगरातली सरजाबाई भोकरला लेकीकडे असायची. भाच्याच्या घरी नामकरण होतं, म्हणून परवाच आली होती. ती दगडावर बसली होती तशीच बसून बोलली.

“जीप यायच्या आधी एका बाजारी घागरीतून आमची कवडी निघाली, अन् तिच्या मागून लगेच तुमचा चिंचोका. दोर एकच होता. आमच्या हातचा ओला दोर तुम्हाला धरायचा होता, रामकिशनभाऊ. तुम्ही पाणी न भरताच घरी गेलात. तिसऱ्या दिवशी आमच्या दारात आलात. लातूरच्या साहेबाला अर्ज लिहून द्या म्हणालात, आमचं गाव राहून गेलंय, ते घ्या. गावात कागद लिहिणारं दुसरं कोण होतं? ह्यांनी लिहून दिला, अन् त्या अर्जावर जीप आली.”

रामकिशननं काठी चाचपत तिच्या दिशेला तोंड वळवलं.

“वैनी,” तो म्हणाला, “सटवाजीला ठाव होतं? मी कशापायी मागून राहिलो ते?”

“हाव. मीच सांगितलं, लिहू नका म्हणून.” तिनं एकदा शेषेरावकडे पाहिलं. “हे म्हणाले, माणूस दारात मागायला आलाय. इतक्या दिवसांत ह्या गावात कुणी कुणाला न्हाई म्हणलं न्हाई. मग मीच कसं म्हणू?”