ठसप्पाची अंघोळ

आमच्या माळावरच्या दगडानं एका माणसाला डॉक्टर केलं, असं मी सांगू लागलो की ऐकणारे उठून जातात. त्यांचंही बरोबर आहे. मांजरा नदीच्या पुरात मगरीच्या पाठीवर बसून मी पैलतीराचा बाजार करून आलो, हेही मीच सांगितलेलं आहे. बायको होती तोवर ती तरी हुंकार द्यायची. ती गेल्यावर मी बैलांना सांगू लागलो. बैल म्हातारे झाले, तेव्हा चनमल्लप्पा भेटला.

चनमल्लप्पा दुबलगुंडीचा. रझाकारांची धामधूम संपली, पोलीस ॲक्शन झाली, कॉलेजं पुन्हा सुरू झाली, त्यानंतरच्या हिवाळ्यात तो आमच्याकडच्या कल्याणच्या मोटारीतून उतरला. काखेत कागदांची गुंडाळी, हातात घोड्याला खरारा करतात तसला ब्रश. चंद्रभागाबाईच्या बांधाला एक उभा दगड आहे, जुन्या कानडी अक्षरांनी भरलेला. आमची गुरं त्याला अंग घासायची, तेवढाच त्याचा उपयोग. हा म्हणाला, मी ह्याच्यावर पीएच.डी. करणार.

म्हणजे नेमकं काय करणार, ते मी त्याच्याकडून काढून घेतलं. एम.ए.पर्यंत दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं. त्याच्यापुढं जायचं तर ज्याबद्दल जगात कुणी काही लिहिलेलं नाही असं शोधायचं आणि आपण लिहायचं. गुरू असतो, पण तो हैदराबादेत. वाट दाखवतो, सोबत येत नाही. अशी वर्षं जातात. मग सगळं बांधून प्रबंध म्हणून द्यायचा. लांबलांबचे विद्वान तो वाचतात, चुका हुडकतात, शेवटी समोर बसवून उलटसुलट विचारतात. टिकला तो डॉक्टर.

"म्हंजे जिकडं कुणी जात न्हाई तिकडं जायचं," मी म्हणालो, "आन वाट बरोबर होती हे बी आपणच पटवायचं."

"व्हय मामा. आन वाटंत बोलायला कुणी नसतंय."

म्हणून मी बोलायला जायचो. मगरीची गोष्ट त्यानं शेवटपर्यंत ऐकली, आणि मगर परत कशी गेली तेही विचारलं. असा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. सकाळी दगडापाशी बसून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायचा, पूजा करायचा. ते त्याच्या लिंगायत घरचं रोजचं. मग दगडाला पाणी घालून ब्रशानं घासून काढायचा. ओला कागद त्याला नेसवायचा, थोपटून थोपटून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, आणि वाळत आला की शाईची पुरचुंडी वरून हळूच दाबत जायचा. अक्षरं पांढरी उठायची, बाकी सगळं काळं. ह्याला ठसा म्हणतात. वाऱ्यानं कागद फाटला की दगडाला पुन्हा अंघोळ.

चंद्रभागाबाई तुरीची राखण करता करता हे बघायची. नवरा नाही, लेकरू नाही. दिराच्या घरात तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. चनमल्लप्पा तिला अक्का म्हणायचा, तिच्या ओंजळीतल्या शेंगा खायचा.

ठसे घेऊन तो हैदराबादला गेला. दुसऱ्या सकाळी चंद्रभागाबाईनं दगडाला पाणी घातलं. पाण्यामागून तेल आलं, तेलामागून शेंदूर. आमच्याकडं दगडाची रोज अंघोळ झाली की तो देव होतो, त्याला कुठं तोंडी परीक्षा द्यावी लागत नाही. पोरं मॅट्रिकला जाताना नारळ फोडू लागली. कुणी चांदीचे डोळे बसवले. नाव पडलं ठसप्पा. ह्या नावात माझा हात नाही, पण तेही कुणी खरं मानत नाही.

वर्षांमागून वर्षं गेली आणि चनमल्लप्पा आला, पार वाळलेला. एका परीक्षकाला प्रबंध पसंत होता. दुसरा दगडावरच्या शेवटच्या ओळीवर अडून बसला होता. ही जमीन कुणा सरदारानं नाही, एका बाईनं दान दिली, असं चनमल्लप्पा त्या ओळीवरून सांगत होता, आणि त्याच्या ठशाला नेमकी तिथंच वाऱ्यानं सुरकुती पडली होती. परीक्षकाचं म्हणणं, नवा ठसा दाखवा, नाहीतर पदवी विसरा.

तो माळावर गेला, तर बोटभर जाड शेंदरातून दोन चांदीचे डोळे त्याच्याकडं बघत होते. मला हसू आलं. तो शेवटच्या ओळीच्या जागी शेंदरावरून बोट फिरवू लागला.

चंद्रभागाबाई तुरीतून धावत आली. "तू गेलास, पण मी खंड पडू दिला न्हाई, अप्पा," ती म्हणाली. "तुझी पूजा मोडली तर तुझं शिक्षण मोडंल म्हणून."

त्यानं तिच्या पायांना हात लावला. ओळीचं, परीक्षकाचं एक अक्षर बोलला नाही.

माझ्या ओसरीवर आल्यावर मी म्हणालो, खरवडून टाक. तो म्हणाला, "खरवडलं तर अक्षरं जातील. आन ती ऱ्हायली तरी, मामा, अक्कापाशी काय ऱ्हाईल?" सकाळच्या मोटारीनं परत जातो म्हणाला.

मग मला जे येतं ते मी केलं. जुन्या देवांच्या शेंदराचं कवच कधीकधी आपसूक गळतं. लोक ते वाजतगाजत नदीला सोडतात. मी चंद्रभागाबाईला गाठून सांगितलं, ठसप्पा स्वप्नात आला होता, अंगाला खाज सुटली म्हणाला, कात टाकायची आहे म्हणाला. इथं थांबायला हवं होतं. पण त्यानं माझ्याकडं बिडी मागितली, हेही मी सांगून बसलो.

"तुझ्याकडं कामून आला?" ती म्हणाली. "रोज हितं मी असतेय."

मला थाप सुचेना. असं कधी होत नाही. मग खरं होतं ते सांगितलं, सुरकुतीसकट.

तिनं दगडावर हात ठेवला. "हे आधी सांगायचं न्हाई व्हय? मघाधरनं बिडी बिडी करायलास."

पाणी तिनंच तापवलं. भर उन्हात दगडावर ओतत राहिली. शेंदराची कड मऊ झाली तशी बोटं घातली. लोखंड लावू दिलं नाही. अख्खं कवच एका झटक्यात गळालं असं सांगायला मला आवडलं असतं, पण तुकडे निघाले. त्यांच्या आतल्या अंगाला उलटी अक्षरं उमटली होती. तिनं ते लुगड्याच्या ओच्यात गोळा केले, चांदीचे डोळे पदराच्या गाठीत बांधले.

चनमल्लप्पाला मी ओसरीवरून बोलावून आणलं, त्यानं कागद नेसवला. वाऱ्याच्या अंगाला मी आणि ती घोंगडं धरून उभे राहिलो. ठसा वाळला तशी त्यानं शेवटची ओळ वाचून दाखवली. वाटसरूंसाठी इथं दिवा जळावा म्हणून एका बाईनं शेत दिलं होतं.

"नवऱ्याचं, लेकाचं, कुणाचंच नाव न्हाई?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

"न्हाई अक्का. तिचं एकटीचंच."

"मग तिला बी कुणी नसंल."

चनमल्लप्पा टिकला. डॉक्टर झाला, लांब नोकरीला लागला. पुढं हैदराबाद राज्याचे तुकडे पडायची बोलणी सुरू झाली, गावं इकडं की तिकडं ह्यावर भांडणं लागली. तो काही पुन्हा आला नाही.

उघड्या दगडाला आता कुणी नारळ फोडत नाही. चंद्रभागाबाई मात्र सकाळी येते. तेल नाही, शेंदूर नाही. नुसतं पाणी, आणि तो विसरून गेला तो झिजका ब्रश. आता कामून, म्हणून मी एकदा विचारलं.

"खाचंत माती बसली तर तिचं नाव बुजंल," ती म्हणाली.

ती घासत असते तेव्हा मी वाऱ्याच्या अंगाला घोंगडं घेऊन बसतो. कागद नसतो, तरी.