धुक्यातली हाक

मित्रांनो, मी एक जुनी मासेमारीची होडी आहे. होडी म्हणायचं ते आपलं जुन्या ओळखीपोटी. एका निर्जन बेटाच्या खडकांत मी कुशीवर पडले आहे आणि भरतीचं पाणी माझ्या पोटातून ये-जा करतं.

मला एका सुताराने बांधलं, आपल्या थोरल्या भावासाठी. प्रत्येक फळी तो कान लावून ठोकून पाहायचा. मी पाण्यात उतरले त्याच वर्षी तो तापाने गेला. पुढे बारा वर्षं त्याचा दादा आणि दादाची मुलगी मला घेऊन समुद्रावर जात. दादा सुकाणू धरायचा, मुलगी जाळी ओढायची. बंदरावरचे लोक म्हणत, "होडी असावी तर अशी." ते ऐकून मी फुगायचे. लाकूडच मी, फुगणं अंगातच होतं.

एका सकाळी या बेटाजवळ दाट धुकं उतरलं. मुलीने इंजिन बंद केलं. तेवढ्यात समोरून हाक आली.

"दादा, इकडे वळ. इकडे पाणी खोल आहे."

आवाज सुताराचा होता. मित्रांनो, मी तो लगेच ओळखला.

"बाबा, काकाला जाऊन बारा वर्षं झाली," मुलगी हळूच म्हणाली. "थांबा. आधी दोरी सोडून खोली बघू."

"तो माझ्याशी कधी खोटं बोलला नाही," दादा म्हणाला. त्याने इंजिन सुरू केलं आणि सुकाणू फिरवलं. खरं सांगते, मीही आनंदाने वळले.

तिथे खडक होता. माझा तळ उभा फाटला.

मुलीने बापाला दंडाला धरून कोरड्यावर ओढलं. दोन दिवस त्यांनी माझ्या आडोशाला काढले. मुलगी सगळं बेट फिरून आली; तिसरं माणूस कुठेच नव्हतं. तरी दादा मधूनच खडकांकडे तोंड करून "आलो रे" म्हणायचा आणि ती त्याचा हात घट्ट धरून ठेवायची. शेवटी एका मोठ्या होडीने त्यांना घरी नेलं.

माझ्याकडे पुन्हा कोणी फिरकलं नाही. खिळे गंजले, डांबर गळून गेलं. एकटेपणाची सवय होते. त्या आवाजाची होत नाही. धुकं आलं की तो माझ्या अगदी शेजारून येतो आणि बोलणारं कोणी दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात धुक्यात एक इंजिन वाजलं. या वेळी शेजारचा आवाज दादाचा होता.

"चिमणे, इकडे ये गं. इकडे पाणी खोल आहे."

इंजिन थांबलं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण होडीला तोंड कुठे असतं? मग दोरीला बांधलेलं वजन पाण्यात पडलं.

"बाबा घरी आहेत," मुलगी शांतपणे म्हणाली. "सकाळी मीच त्यांना चहा करून दिलाय."

इंजिन सुरू झालं आणि हळूहळू दूर गेलं.

मित्रांनो, हाक कितीही मायेची असो, आधी पाण्याची खोली मोजा. आणि कधी इकडे आलात, धुक्यातून मीच तुम्हाला बोलावते आहे असं वाटलं, तर येऊ नका. मी कोणालाही बोलावत नाही.