नोटिशीचा महिना

"पोर मावशी म्हणायला लागायच्या आत नोटिशीच्या महिन्याचे पैसे घेऊन ठेव. एकदा लळा लागला की तुझं तोंड उघडायचं नाही," असं मोठ्या जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यांनी स्वतः बारा वर्षं घरच्या घरी पाळणाघर चालवलेलं. पण नुकतंच पाळणाघर काढलेल्या धाकट्या जावेने, म्हणजे हिने, ते हसण्यावारी नेलं. "शिकलेली माणसं आहेत हो ताई, करारावर सही केलीय!" सही म्हणजे जणू दाराला कुलूपच.

करारात साफ लिहिलं होतं: मूल काढायचं तर महिनाभर आधी सांगायचं, नाहीतर त्या महिन्याची फी भरायची. हिच्या दोन खोल्यांत तीनच मुलं मावत, चौथं हिचं स्वतःचं दोन वर्षांचं मूल. त्यामुळे एक जागा रिकामी राहिली की घरभाड्याला भगदाड.

आणि रविवारी संध्याकाळी गालूच्या आईचा मेसेज आला. "उद्यापासून गालू येणार नाही. घरीच सोय झालीय. आभार." पुढे जोडलेले हात. चौदा महिने! गालू चालायला शिकली ती हिच्या पलंगाचा पाय धरून, आणि निरोप असा, जणू वर्तमानपत्र बंद करायचंय.

हिने तीनदा नम्रपणे फीची आठवण करून दिली. चौथ्या दिवशी गालूच्या आईचा फोन आला.

"अहो, मुलगी आलीच नाही तर पैसे कसले?"

"जागेचे. गेल्याच आठवड्यात एका नर्सबाईंच्या बाळाला नाही म्हटलं मी, गालूची जागा आहे म्हणून."

"ती तुमची अडचण. आणि खरं सांगू का? गालू घरी उपाशी यायची. आम्ही बोलत नव्हतो इतकंच. विषय वाढवलात तर बाकीच्या पालकांच्या कानावर घालावं लागेल."

उपाशी! हिच्या कानांतून वाफा निघाल्या. प्रत्येक घासाला खोलीभर फिरून जिला भरवलं, ती उपाशी? पण बाकीच्या दोघांच्या आईबापांनी खरं मानलं तर?

पुरावा होता. प्रत्येक मुलाची एक वही असे: काय खाल्लं, किती झोपलं, कधी रडलं. वही संध्याकाळी मुलाच्या पिशवीतून घरी जाई, सकाळी आईची सही होऊन परत येई. आणि शुक्रवारी ती पिशवीतून गेली, ती गेलीच. स्वतःचा पुरावा हिने स्वतःच्या हाताने घडी घालून भरून दिला होता.

"वह्या दोन ठेवायच्या असतात गं," जाऊबाई म्हणाल्या.

"हे आत्ता सांगताय?"

"आधीचं तरी कुठे ऐकलंस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात गालूचे आजोबा. कडेवर गालू, खांद्याला तीच पिशवी, एक हात भिंतीला टेकलेला. धाप अशी की मिनिटभर शब्द फुटेना. गालूने "मावशी!" म्हणून हिच्या अंगावर उडी घेतली.

"झोपतच नाही हो," आजोबा म्हणाले. "वहीत तुम्ही लिहिलंय, 'म्हणून दाखवलं की झोपते'. काय म्हणायचं ते लिहिलं नाहीत. माझी सगळी गाणी संपली."

"गाणं नाही, आजोबा. तेराचा पाढा."

"तेराचा? तो मला शाळेतसुद्धा यायचा नाही!"

ती हसली, आणि मग तिने विचारलं, "घरी सोय झालीय म्हणाल्या ना?"

"मीच की ती सोय." त्यांनी गुडघा दाबला. "सकाळी आठ ते संध्याकाळी सात."

तिने काय झालं ते सांगितलं आणि पानांचे फोटो काढू का विचारलं. आजोबा बराच वेळ गालूच्या बुटाची पट्टी लावत बसले. मग त्यांनी वही उघडून पानं सपाट धरली. 'जेवण पूर्ण, वर अर्धं केळं.' खाली सुनेची सही. 'दोनदा मागून घेतलं.' सही.

"सगळ्या पानांचे काढा. आणि कुणी विचारलं तर सांगा, पानं मी धरली होती."

तिने चाळीस पानं पाठवली, कराराचं पान पाठवलं, खाली एक ओळ: "पालकांच्या कानावर घालायचं असेल तर मीच घालते." तासाभरात पूर्ण फी जमा झाली. शब्द एकही नाही. माफीचा तर नाहीच.

जाऊबाई म्हणाल्या, जिंकलीस. पण हिचा राग उतरेना. हिच्याकडे निदान कराराचा कागद तरी होता. आजोबांना नोटीस कुणी दिली? त्यांची सुट्टी कुठे लिहिलीय? त्या दुपारी जिना उतरताना ते तीनदा थांबले होते. सुनेने आता हिचा नंबर ब्लॉक केलाय, आणि आजोबांकडे फोन नाही.

म्हणून हिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्याही जिन्यात असे एखादे 'सोय झालेले' आजोबा असतील. दुपारी पोराचं रडणं थांबत नसेल तर बेल वाजवा. जेवलात का, विचारा. आणि ते 'तेरा साते'ला अडले असतील, तर एक्क्याण्णव सांगून दहा मिनिटं पोर तुमच्या कडेवर घ्या.