म्होरलं मशीन

माझं डोकं लवकर फिरतं, हे आखाडा बाळापुरात कुणीही सांगेल. त्या दिवशी मात्र मला राग माझाच आला होता, आणि स्वतःवरचा राग माणूस दुसऱ्यावरच काढतो.

२००९ सालचा जून. माझ्या नेट कॅफेत तीन मशिनं होती, नांदेडहून आणलेली, जुनी. मेंढरंवाले मसाजीमामा पोरीला, रागिणीला घेऊन सकाळी दहालाच आले. नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता, मुदत पाचपर्यंत. फॉर्म गेला तर पोरगी शिकणार, नाही तर महिन्याच्या आत लग्न. सोयऱ्यांनी मामांकडून तसा शब्दच घेतला होता.

साईट उघडेना. नुसतं पांढरं पान.

"लाईन हळू हाय, मामा. बसा."

बारा वाजता रागिणी म्हणाली, "दादा, कळमनुरीला नवी मशिनं आलीत म्हणं. जीप उभी हाय, जाऊ का?"

"काहून? इथं होऊनच राहिलं की," मी म्हणालो. जीप गेली. दोनचीही गेली. मी एकेक बटण दाबत तीच ती खोटी खटपट करत राहिलो.

साडेचारला मामांनी काठी टेकली. "खरं सांग, प्रभू."

"साईटनं नवं कुलूप बसवलंय, मामा. आपल्या जुन्या मशिनांकडं त्याची किल्ली न्हाई."

"तिन्ही बी अडलीत?"

"हे पहिलं लाईन घेतं. बाकीची दोन त्याच्या मागं."

एवढं ऐकलं आणि मामा उठले. ओढ्याला पाणी असलं की मेंढरं काठावर अडतात. मग म्होरल्याला शिंगाला धरायचं, पाठीत दोन काठ्या घालायच्या आणि पाण्यात लोटायचं. बाकीची आपोआप मागं येतात. मामांचा सगळा जन्म त्यात गेलेला.

पहिल्याच काठीला काच फुटली. दुसरीला आतून धूर निघाला. "चल! चल म्हणतो न!" ते मशिनाला म्हणत होते आणि घालत होते.

मी शटरची सळई उचलली आणि त्यांच्या डोक्यात घातली. फेट्यातून रक्त आलं. म्हातारं पडलं नाही. त्यांनी माझ्या नडगीवर काठी हाणली, मी त्यांना टेबलावर ढकललं. टेबल उलटलं, खण खाली आदळला, कागद सगळीकडं पसरले. मी दुसऱ्यांदा सळई उगारली.

"थांबा," रागिणी म्हणाली. तिच्या हातात एक कागद होता.

मशिनं विकणाऱ्या दुकानदाराचं पत्र होतं ते. एक जूनपासून फॉर्मच्या साईट जुन्या मशिनांवर उघडणार नाहीत, गिऱ्हाइकांना आधीच सांगा, असं त्यात साफ लिहिलेलं. मी ते वीस दिवसांपूर्वी वाचलं होतं आणि खणात कोंबलं होतं. बोभाटा झाला असता तर सगळं गिऱ्हाईक कळमनुरीला गेलं असतं.

तिनं ते मोठ्यानं वाचलं. वाचता येत नव्हतं ते मामांनाच.

"मशीन अडलं न्हाई, आबा. ह्यानं आपल्याला अडवून ठिवलं."

मामांच्या हातातली काठी तिनं काढून घेतली. मी टेबलाला धरून उभा होतो. तिनं नेम धरून माझ्या उजव्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते.

पोलिसात मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

तीन आठवड्यांनी मसाजीमामा लग्नाची पत्रिका द्यायला आले. फेट्याखाली टाके दिसत होते. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून मी डावा पुढं केला. शुभकार्याची पत्रिका डाव्या हातात कुणी देत नाही. मामांनी दिली.

"लगीन रविवारी हाय," ते म्हणाले. "वाच, अन् ह्यो कागद तरी दडवू नको."